झोपेत झुंजणारी माणसे : एका निद्राविकाराची ओळख

पहाटेचे तीन-साडेतीन वाजलेले असतात. घर निजलेले असते. साठी उलटलेले, दिवसा कोणाला अधिकउणा शब्दही न बोलणारे गृहस्थ एकाएकी झोपेतच ओरडू लागतात. कोणाला तरी दरडावतात, हवेत मुठी मारतात, लाथा झाडतात. त्यांतील एखादा ठोसा शेजारी निजलेल्या पत्नीच्या तोंडावर बसतो, किंवा ते स्वतःच खाटेवरून खाली कोसळतात. जागे केल्यावर सांगतात की, अंगावर कुत्री धावून आली होती, त्यांना मी हाकलत होतो. सकाळी पत्नीच्या गालावरील वळ पाहून ते मनोमन ओशाळतात. पत्नी मात्र शेजारणीला सांगते की, न्हाणीघरात पाय घसरला.

ज्या घरांत असे प्रसंग घडतात, त्या घरांतून ते सहसा बाहेर पडत नाहीत. घडलेल्या गोष्टीचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. कोणी म्हणतो, वय झाले की असे व्हायचेच. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा झाली आहे. कोणाला वाटते, दिवसभराची चिंता रात्री बाहेर पडते. आणि सर्वांत क्लेशदायक समजूत त्या पत्नीच्या मनात घर करते : इतक्या वर्षांच्या संसारात जो राग यांनी कधी दाखवला नाही, तोच आता झोपेत हाताबाहेर जातो आहे की काय?

यांपैकी कोणतीही समजूत खरी नाही. हा मेंदूचा एक निश्चित, शास्त्राने वर्णिलेला आणि आवरता येण्याजोगा विकार आहे. वैद्यकात त्याला ‘शीघ्र नेत्रचलन निद्रेतील वर्तनविकार’ असे लांबलचक नाव असून डॉक्टरमंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आरबीडी’ म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला ‘स्वप्नचेष्टा विकार’ म्हणू. कारण या विकारात माणूस स्वप्न केवळ पाहत नाही, तर ते हातापायांनी करूनही दाखवतो. परदेशांत झालेल्या पाहण्यांनुसार उतारवयातील लोकांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का आढळते. या हिशेबाने ज्या गावात साठीपुढील दोनशे माणसे आहेत, तेथे अशी एक-दोन माणसे असण्याचा संभव आहे. तरीही बहुतेकांच्या बाबतीत निदान होत नाही. त्याचे कारण विकार दुर्मीळ आहे हे नव्हे. त्याविषयी कोणी बोलत नाही आणि कोणी विचारत नाही, हे आहे.

निद्रा एकसारखी नसते

जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था वेगवेगळ्या आहेत, हा विचार आपल्याकडे मांडूक्य उपनिषदाइतका जुना आहे. तेथे तो आत्मविचाराच्या अंगाने आला आहे. प्रयोगशाळेत या अवस्थांचा भेद दिसून येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी असे दाखवून दिले की, झोपलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून अनेक वेळा पापण्यांआड वेगाने हलू लागतात. त्या वेळी त्याला जागे केले, तर तो बहुधा आपण स्वप्न पाहत होतो असे सांगतो. पुढे विल्यम डिमेंट यांनी क्लाइटमन यांच्यासह स्वप्न आणि ही नेत्रगती यांचा संबंध अधिक स्पष्ट केला.

आज आपल्याला माहीत आहे की, निरोगी प्रौढ माणसाची रात्र सुमारे दीड-दीड तासाच्या चार-पाच आवर्तनांची बनलेली असते. प्रत्येक आवर्तनात आधी शांत निद्रा येते आणि शेवटी नेत्रचलनाची, म्हणजे मुख्यत्वे स्वप्नांची निद्रा येते. एकूण झोपेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा या स्वप्ननिद्रेचा असतो. रात्र सरत जाते तसतसे तिचे टप्पे लांबत जातात. म्हणूनच लांबलचक, ठसठशीत स्वप्ने पहाटेकडे अधिक पडतात. स्वप्नचेष्टा विकाराचे झटकेही रात्रीच्या उत्तरार्धात अधिक येतात, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

शरीराचा रात्रीचा अडसर

स्वप्ननिद्रेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कार्यरत असतो. स्वप्नात आपण धावतो, झाडावर चढतो, भांडतो. मग प्रत्यक्षात हातपाय का हलत नाहीत? कारण निसर्गाने येथे एक अडसर घातलेला आहे. मेंदूच्या तळाशी, जेथून तो मज्जारज्जूला जोडला जातो, तेथे मस्तिष्कस्तंभ नावाचा भाग आहे. त्यातील ‘सेतू’ या भागातील काही चेतापेशी स्वप्ननिद्रा सुरू होताच खालच्या केंद्रांना संदेश देतात. तेथून ग्लायसीन आणि गॅबा या रासायनिक द्रव्यांच्या द्वारे मज्जारज्जूतील स्नायूचालक पेशींना गप्प बसवले जाते. परिणामी मान, हात, पाय यांचे स्नायू पूर्णपणे शिथिल होतात. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासोच्छ्वास चालवणारे श्वासपटल यांना या बंदीतून सूट असते. स्वप्न आत चालू राहते आणि शरीर बाहेर निश्चल पडून राहते.

या अडसराचा शोध फ्रान्समधील लियों येथील शास्त्रज्ञ मिशेल झूवे यांच्या संशोधनातून लागला. १९५९ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, मांजराच्या झोपेत एक अवस्था अशी येते की मेंदू जागा दिसतो, पण मानेचे स्नायू पूर्ण सैल असतात. या विसंगतीमुळे त्यांनी तिला ‘विरोधाभासी निद्रा’ म्हटले. १९६५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मस्तिष्कस्तंभातील सेतूचा एक लहानसा भाग निकामी केला. त्यानंतर ते मांजर झोपेतच उठून उभे राहू लागले, नसलेल्या भक्ष्यावर दबा धरू लागले, झडप घालू लागले. अडसर निघाला होता आणि आतले स्वप्न बाहेर आले होते.

अडसर उलट्या बाजूने चुकल्याचा अनुभव मात्र अनेकांना असतो. जाग येते, डोळे उघडतात, पण क्षणभर अंग हलत नाही, छातीवर कोणी बसले आहे असे वाटते. ती जाग आल्यावरही अडसर न उघडल्याची स्थिती होय. निरोगी माणसालाही ती कधीमधी येऊ शकते. स्वप्नचेष्टा विकारात याच्या नेमके उलट घडते. झोप कायम असते आणि अडसर ढिला पडतो.

पाच रुग्णांची नोंद

जे मांजरात प्रयोगाने घडवले गेले, ते माणसात आपोआप घडू शकते, याची स्पष्ट मांडणी १९८६ साली झाली. अमेरिकेतील मिनियापोलिस येथील कार्लोस शेंक, मार्क महोवाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी चार ६७ ते ७२ वर्षे वयाचे पुरुष होते व एक ६० वर्षांची स्त्री होती. चारही पुरुष काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत झोपेत स्वतःला किंवा पत्नीला इजा करीत आले होते.

त्या काळातील रुग्णांच्या हकिकती आज वैद्यकाच्या वाङ्मयात सुपरिचित आहेत. एका गृहस्थाला स्वप्न पडले की, आपण फुटबॉलच्या मैदानावर असून आडव्या आलेल्या धिप्पाड खेळाडूला धडक देत आहोत. प्रत्यक्षात त्यांनी खोलीतील कपाटाला धडक देऊन कपाळ फोडून घेतले होते. दुसरे एक गृहस्थ स्वप्नात हरिणाची मान पिरगाळू पाहत होते. जाग आली तेव्हा त्यांच्या हातांत पत्नीचे डोके होते. आपल्या हातून पुन्हा असे काही घडू नये म्हणून हे सज्जन रात्री स्वतःला दोरीने पलंगाशी बांधून घेत. ही माणसे स्वभावाने रागीट नव्हती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. या विकाराच्या रुग्णांच्या स्वप्नांत आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर हल्ला होतो आहे, असा प्रसंग वारंवार येतो. श्वापद येते, चोर येतो आणि रुग्ण संरक्षणासाठी झुंजतो. पत्नीला वाचवण्यासाठी स्वप्नात उगारलेला हात प्रत्यक्षात तिलाच लागतो, अशी ही विपरीत अवस्था आहे.

लक्षणे आणि वेगळेपण

झोपेत बोलणे किंवा कूस बदलताना पाय झाडणे हा विकार नव्हे. मुलांमध्ये तर झोपेतील बडबड सर्रास आढळते. पुढील गोष्टी एकत्र दिसल्या, तर मात्र स्वप्नचेष्टा विकाराची शंका घ्यावी. माणूस बहुधा पन्नाशीपुढचा असतो. झटका झोप लागल्यावर तास-दीड तासाने, विशेषतः पहाटेकडे येतो. डोळे सामान्यतः मिटलेले असतात. हालचाली प्रसंगाला धरून असतात. ठोसा मारणे, झटकून टाकणे, काही पकडणे, ओरडून आज्ञा देणे असे त्यांचे रूप असते. माणूस सहसा खोलीबाहेर चालत जात नाही. हाक मारताच तो लवकर भानावर येतो आणि पुष्कळदा स्वप्न सांगू शकतो. सांगितलेले स्वप्न आणि पाहिलेल्या हालचाली एकमेकांशी जुळतात.

झोपेत चालण्याचा विकार, म्हणजे निद्राभ्रमण, याहून निराळा आहे. तो मुख्यतः बालपणी दिसतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरांत, गाढ निद्रेतून उद्भवतो. मुलाचे डोळे उघडे असतात, ते दार उघडून बाहेरही जाते, जागे केल्यास गोंधळते आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. आश्रमशाळा व वसतिगृहांतील शिक्षकांना हा प्रकार अधिक आढळेल. त्याचा कंपवाताशी संबंध नाही आणि बहुतेक मुलांत तो वयाबरोबर नाहीसा होतो.

अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, काही झटके केवळ झोपेतच येतात. त्यांत बहुधा दर वेळी तीच ती हालचाल तशीच होते. जीभ चावली जाणे, अंथरुणात लघवी होणे हेही घडू शकते. चौथा प्रकार फसवा आहे. जी माणसे मोठ्याने घोरतात व ज्यांचा श्वास झोपेत मधूनमधून अडतो, तीही गुदमरून जागी होताना हातपाय झाडतात. त्यांचा श्वासाचा अडथळा दूर केला की हातपाय झाडणेही थांबते. म्हणूनच केवळ वर्णनावर विसंबून उपचार सुरू करणे योग्य नव्हे.

कंपवाताशी नाते

या विकाराकडे दुर्लक्ष करू नये याचे पहिले कारण इजा हे आहे. खरचटण्यापासून हाड मोडण्यापर्यंत आणि डोक्याला मार लागून कवटीच्या आत रक्तस्राव होण्यापर्यंत इजांची नोंद झालेली आहे. दुसरे कारण अधिक दूरगामी आहे.

१९९६ साली शेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या जुन्या रुग्णांचा आढावा घेतला. पन्नाशीपुढील ज्या २९ पुरुषांमध्ये या विकाराचे दुसरे कोणतेही कारण सापडले नव्हते, त्यांपैकी ३८ टक्क्यांना पुढे कंपवातासारखा आजार जडला होता. २०१३ साली याच गटाचा पुन्हा आढावा घेतला गेला, तेव्हा हे प्रमाण ८१ टक्क्यांवर पोहोचले होते. २०१९ साली निरनिराळ्या देशांतील २४ केंद्रांवरील १,२८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, दर वर्षी शंभरातील सुमारे सहा रुग्णांना कंपवात किंवा त्याच कुळातील स्मृतिभ्रंश जडतो, आणि बारा वर्षांत हे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांपर्यंत जाते.

असे का घडते? इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवाताचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्या नावानेच हा रोग जगभर ओळखला जातो. त्यात हाताची थरथर, मंदावलेल्या हालचाली, ताठरलेले स्नायू ही लक्षणे दिसतात. १९९७ साली आढळून आले की, या रोग्यांच्या चेतापेशींत साठणाऱ्या गुठळ्यांमध्ये अल्फा-सायन्यूक्लीन नावाचे प्रथिन असते. पुष्कळ रुग्णांमध्ये ही विकृती मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात आधी सुरू होते आणि वर सरकत जाते, असे आज मानले जाते. हालचालींवर ताबा ठेवणारे केंद्र वर आहे. स्वप्ननिद्रेचा अडसर त्याखाली आहे. वाटेत अडसर आधी लागतो, म्हणून तो आधी ढिला होतो. हात थरथरू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे स्वप्नचेष्टा दिसू लागतात, त्याचे हे कारण होय. याच काळात वास न येणे व जुनाट बद्धकोष्ठ ही लक्षणेही आढळू शकतात.

कंपवात जडल्यानंतरही हा विकार राहू शकतो, आणि तेव्हा त्यात एक चकित करणारी गोष्ट दिसते. २००७ साली पॅरिसमधील वैद्यांनी कंपवाताच्या शंभर रुग्णांची व त्यांच्या सहचरांची चौकशी केली. ज्यांना झोपेत स्वप्नचेष्टा होत, त्यांच्या सहचरांनी सांगितले की, दिवसा ज्यांची हालचाल मंद व आवाज पुटपुटता असतो, त्यांचेच हातपाय झोपेत जलद व जोरकस चालतात, आणि शब्दही अधिक स्पष्ट उमटतात. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत पाहिले, तेव्हा त्यांनाही ते दिसून आले. शास्त्राला या गोष्टीकडे नेणारी माहिती शेजारी झोपणाऱ्यांकडून मिळाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वरील आकडे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. ते निद्राकेंद्रांपर्यंत पोहोचलेल्या व तपासणीने निदान झालेल्या रुग्णांचे आहेत. झोपेत एकदोनदा ओरडलेल्या प्रत्येकाचे नव्हेत. रोग जडण्यास एकाला दोन वर्षे लागतील, दुसऱ्याला वीस, आणि तिसऱ्याला तो जडणारही नाही. विकृतीची वाटचाल निश्चितपणे रोखणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. मग आधी कळून उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. उपयोग असा की, माणूस डॉक्टरांच्या नियमित देखरेखीखाली राहतो, व्यायाम व चालणे सुरू ठेवतो, तोल जाऊ लागल्यास वेळीच सावध होतो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. या कुळातील स्मृतिभ्रंशात रुग्णाला नसलेल्या वस्तू दिसू लागतात. त्या वेळी मनोविकारांवरील काही औषधे त्याला फार त्रासदायक, प्रसंगी धोकादायक ठरतात. झोपेतील जुन्या चेष्टांची माहिती डॉक्टरांना असेल, तर हा धोका टळू शकतो. मात्र भविष्याविषयी किती सांगावे, हे रुग्णाची इच्छा विचारून डॉक्टरांनी ठरवावे. चावडीवर त्याची चर्चा होऊ नये.

सर्वांचेच कारण हे नव्हे. नैराश्यावरील काही औषधांमुळे हा विकार उद्भवू शकतो किंवा असलेला बळावू शकतो. दारूचे व्यसन एकाएकी सोडल्यावर असे झटके येऊ शकतात. तरुण माणसाला हा त्रास असेल, तर औषधे किंवा अतिनिद्रेचा एक विशिष्ट आजार यांचा विचार आधी केला जातो. तथापि, चालू असलेले औषध कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. ते डॉक्टरांना दाखवून बदलून घ्यावे.

निदान आणि उपचार

निश्चित निदानासाठी रुग्णाला एक रात्र निद्रातपासणी केंद्रात झोपवावे लागते. मेंदूचे विद्युत्तरंग, डोळ्यांची हालचाल, हनुवटी व हातापायांच्या स्नायूंचा ताण, श्वास आणि प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद घेत असतानाच चित्रीकरणही केले जाते. स्वप्ननिद्रेत जे स्नायू शिथिल असावयास हवेत, ते ताणलेले आढळले, तर निदान पक्के होते. अशी केंद्रे मोठ्या शहरांत आहेत आणि प्रत्येकाला तेथे जाणे शक्य नाही. परंतु घरच्या माणसाने मोबाइल फोनवर घेतलेले झटक्याचे चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. रुग्णाला विचारून ते घ्यावे, डॉक्टरांनाच दाखवावे, इतरांना पाठवू नये.

औषधांमध्ये मेलाटोनिन आणि क्लोनाझेपाम ही दोन मुख्य आहेत. मेलाटोनिन हे आपल्या मेंदूतील एक ग्रंथी रात्रीच्या अंधारात निर्माण करते, तेच द्रव्य होय. उतारवयातील रुग्णांना ते सामान्यतः चांगले मानवते. क्लोनाझेपामचा उपयोग १९८६ पासून ज्ञात आहे, पण त्यामुळे दिवसा गुंगी येणे, तोल जाणे, विसराळूपणा वाढणे हे घडू शकते, आणि झोपेत श्वास अडणाऱ्याला ते अपायकारक ठरू शकते. दोन्हींचा आधार मुख्यतः दीर्घ अनुभवाचा आहे. म्हणून औषध व त्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून दुकानातून गोळ्या आणू नयेत.

औषधाच्याही आधी करावयाचा उपचार घरातच आहे. तो आज रात्रीपासून करता येतो आणि त्यास पैसाही फारसा लागत नाही.

१. जमिनीवर अंथरूण घालून निजण्याची आपली जुनी पद्धत येथे उपकारक आहे. गुडघ्यांमुळे ते जमत नसेल, तर खाट ठेंगणी घ्यावी आणि खाली जाड गोधडी किंवा गादी पसरावी.

२. अंथरुणाजवळ लोखंडी पेटी, कपाटाचा कोपरा, काचेचे सामान, पेटता दिवा असू नये. शक्य तर भिंतीलाही उशा लावाव्यात.

३. विळा, कोयता, कुऱ्हाड, काठी आणि परवान्याची बंदूक असल्यास ती, दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावी.

४. अशा माणसाने कठडा नसलेल्या गच्चीवर, ओट्याच्या कडेला किंवा शेतातील राखणीच्या माळ्यावर निजू नये. राखणीची पाळी दुसऱ्याने घ्यावी.

५. झटके आटोक्यात येईपर्यंत पत्नीने वेगळ्या अंथरुणावर निजावे, किंवा मध्ये उशांची रांग ठेवावी. यात संसारातील दुराव्याचा काही अर्थ नाही, हे घरातील थोरांनी समजून घ्यावे.

६. झटका आला असता माणसाला धरून ठेवू नये. स्वप्नातला शत्रू समजून तो अधिक जोराने प्रतिकार करील. थोडे दूर राहून नावाने हाक मारावी. त्याला दोरीने बांधून ठेवू नये.

७. दारू टाळावी आणि झोपेच्या वेळा नियमित ठेवाव्यात.

आपल्याकडून काय व्हावे

ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि क्षेत्रावरील अधिकारी यांच्याकडे लोक अडचणी घेऊन येतात. रात्री ओरडणाऱ्या माणसाला बाधा झाली आहे असे ठरवून कोणी त्याला साखळीने बांधू, चाबकाने मारू किंवा मिरचीची धुरी देऊ पाहत असेल, तर तो केवळ अज्ञानाचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या अशा कृत्यांचा स्पष्ट उल्लेख असून ती गुन्हा ठरतात. कायद्याचा आधार घ्यावाच. पण त्यापूर्वी कुटुंबाला योग्य माहिती मिळाली, तर कायद्यापर्यंत जाण्याची वेळच येणार नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अंगावर वळ असलेली प्रत्येक स्त्री झोपेतील विकाराची बळी असते, असे मुळीच नाही. जागेपणी होणाऱ्या मारहाणीला या विकाराचे पांघरूण मिळता कामा नये. स्वप्नचेष्टा झोपेतच होतात, दिवसा होत नाहीत. त्यांमागे भांडण नसते आणि जाग येताच माणूस भानावर येतो. म्हणून त्या स्त्रीशी एकांतात, शक्यतो आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविका यांच्यामार्फत बोलावे आणि ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर हा पहिला टप्पा. तेथून जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदुविकारतज्ज्ञाकडे पाठवणी करून घेता येते. ई-संजीवनी या शासकीय दूरवैद्यक सेवेद्वारे दूरच्या डॉक्टरांचा सल्लाही मिळू शकतो. जाताना तीन गोष्टींची नोंद बरोबर न्यावी : झटके कधीपासून व रात्रीच्या कोणत्या वेळी येतात, त्या वेळी नेमके काय घडते, आणि कोणकोणती औषधे चालू आहेत.

या विकाराची प्राथमिक चाळणी करण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. झोपेत आपण स्वप्न करून दाखवता, हात मारता, धावल्यासारखे पाय हलवता, असे आपल्याला कधी कोणी सांगितले आहे काय, या आशयाच्या एकाच प्रश्नाची उपयुक्तता २०१२ साली तपासून पाहण्यात आली आणि तो प्रश्न बराच भरवशाचा ठरला. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य तपासणी शिबिरात वजन, रक्तदाब आणि साखर पाहिली जाते. तेथे हा एक प्रश्न जोडण्यास काही खर्च नाही. मात्र तो रुग्णाइतकाच त्याच्या पत्नीलाही विचारला पाहिजे. रुग्ण झोपलेला असतो. काय घडले ते तिने पाहिलेले असते. एकट्याने निजणाऱ्या विधवा किंवा विधुर वृद्धांना असा साक्षीदार नसतो. त्यांच्या बाबतीत सकाळी अंथरुणाबाहेर पडलेले आढळणे, अंगावर न आठवणाऱ्या जखमा असणे याच खुणा मानाव्यात, आणि शेजारच्या खोलीत निजणाऱ्या सून-मुलांना विचारावे.

न्हाणीघरात पाय घसरला असे सांगणाऱ्या त्या माउलीला कोणी आपुलकीने दुसऱ्यांदा विचारले, तर दोन माणसांचे भले होईल. तिला कळेल की, आपल्या सोबत्याच्या मनात आपल्याविषयी राग नाही. आणि त्या सोबत्याला, पुढे काही वाढून ठेवले असलेच, तर सावध होण्यास कित्येक वर्षांचा अवधी मिळेल.